बधिर जागेची रेघ

बायको गेल्याचं मास्तरांना कळलं तेव्हा त्यांच्या तोंडात टाचण्या होत्या. एक वकीलसाहेब नव्या कोटाच्या ट्रायलसाठी आरशापुढे हात पसरून उभे होते, आणि मास्तर त्यांच्या पाठीमागे वाकून खांद्याखालचा झोळ टाचत होते. दुकानाच्या मालकांनी फोन घेतला, थोडा वेळ ऐकला आणि मास्तरांच्या कानाला लावला. पलीकडून टपाल कचेरीतल्या कारकूनबाई बोलत होत्या, बायकोच्या शेजारच्या खिडकीवर बसणाऱ्या. त्या रडत होत्या, वाक्यं तुटत होती, पण जे कळायचं ते पहिल्याच तुकड्यात कळलं. मास्तरांना बोलता येईना. ओठांत टाचण्या असताना बोलायचं नाही, ही सवय हाडीमांशी भिनलेली. त्यांनी एकेक टाचणी काढून मनगटावरच्या उशीत खोचली, डोकी एका बाजूला येतील अशी नीट, आणि मग विचारलं, "कधी?" तेवढा वेळ पलीकडची बाई हॅलो हॅलो करत राहिली. वकीलसाहेबांना कुणी हात खाली घ्या म्हटलं नाही. मास्तर चपला घालून बाहेर पडले तेव्हाही ते तसेच उभे होते. पुढे कित्येक दिवस बायकोचा चेहरा आठवायला जावं तर आधी आरशातला तो हात पसरलेला माणूस दिसायचा, अर्धा कोट घातलेला, काय करावं न कळलेला.

हॉस्पिटलच्या बाकावर कारकूनबाईंनी सगळं पुन्हा सांगितलं. खिडकीपुढे रांग होती. तिने एकाचं पार्सल काट्यावर ठेवलं, वजन वाचलं, आणि मध्येच उजवा हात डाव्या बरगड्यांवर दाबून धरला. समोरच्या माणसाला म्हणाली, एक मिनिट हं. मग 'बंद'ची पाटी फिरवून लावली आणि मागच्या टपालाच्या पोत्यांवर जाऊन बसली. पाणी देऊ का विचारलं तर मान हलवली, हो की नाही ते कारकूनबाईंना कळलं नाही. त्या पाणी घेऊन येईपर्यंत संपलं होतं. हृदय बंद पडलं, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. मग माणसं येत गेली आणि जो तो एकच बोलला, की बाईचं नशीब मोठं, तिला काही कळलंसुद्धा नसेल. मास्तर मान डोलवत होते. मनातून त्यांनाही तेच हवं होतं, घट्ट धरून बसावं असं तेवढंच एक वाक्य होतं. पण तो हात काही डोक्यातून जाईना. तिथे हात कशाला दाबला? त्या जागेला तर काही कळत नव्हतं. डाव्या कुशीपासून छातीखालून पुढे येणारा तो पट्टा बधिर होता, मुद्दाम केलेला होता, आणि त्याची हद्द कुठून कुठवर आहे हे मास्तरांना स्वतःच्या तळहातासारखं ठाऊक होतं.

दीड वर्षामागे तिला तिथे नागीण झाली होती. पाठीतून निघून बरगडीबरोबर पुढे आलेली फोडांची रांग. फोड वाळले, खपल्या पडल्या, ओळखीपाळखीचे म्हणाले, सुटलात. पण नागीण गेली आणि तिचा डंख मागे राहिला. कातडीवर डागसुद्धा दिसत नव्हता, आणि तिथे कापड टेकलं की ही कळवळायची. जाड कापड चालायचं नाही, मऊ तर त्याहून नाही, वाऱ्याने हललेलं तर मुळीच नाही. शिंप्याची बायको आणि अंगाला कापड सोसेना, ही गंमत तिने स्वतःच चारचौघांत सांगितली होती. म्हणाली, "यांनी जन्मभर लोकांना कपडे चढवले, आता घरी उलटं काम आहे." लोक हसले. मास्तरही हसले. मग घरी येऊन त्यांनी तिच्या साऱ्या कपड्यांची डावी बाजू उसवली. आत एकही शिवण राहू नये असे, एका बाजूने मोकळे, खांद्यावरून नुसते लोंबणारे झगे त्यांनी शिवले. ते घालून बाहेर जाता येईना, म्हणून तिने रजा घेतली. ती खिडकीपाशी डावा हात उचलून बसायची, पंख मोडलेल्या पाखरासारखी, आणि मास्तर संध्याकाळी आले की दारातूनच विचारायचे, कमी आहे का. ती म्हणायची, तुमच्यापेक्षा कमी आहे. पलंगावर मास्तरांची जागा डावीकडून उजवीकडे गेली. तिथूनही ते अंग चोरून झोपायचे. झोपेत आपला हात कुठे पडेल याची भीती माणसाला झोपू देत नाही. गोळ्या झाल्या, मलमं झाली, गोळ्यांनी ती दिवसभर पेंगायला लागली आणि पार्सलांचे दर विसरायला लागली, आणि एकदा रडून म्हणाली, दुखू दे हो, पण मला माझं डोकं परत द्या.

मग कुणीतरी एका डॉक्टरणीचं नाव सुचवलं. मास्तर त्यांना पुढे थंडीवाल्या बाई म्हणायला लागले. चाळिशीच्या, हळू बोलणाऱ्या, टेबलावर एक जाड लोकरी पिशवी ठेवून त्यात हात घालून बसायच्या. बायको बाहेर आल्यावर म्हणाली, दुसऱ्यांना गोठवते आणि स्वतःला थंडी वाजते. बाईंनी समजावून सांगितलं होतं ते असं, की बरगडीच्या खालून एक नस जाते, ती खोटा निरोप देत राहते. आत काही जळत नसताना जळतंय म्हणून सांगते. एक बारीक सुई त्या नसेपाशी न्यायची, सुईच्या आतून वायू सोडायचा, की टोकाला बर्फाचा एवढासा गोळा धरतो. नस गोठते. बाहेरचं कवच तसंच राहतं, आतला धागा तेवढा मरतो, आणि काही महिन्यांनी त्याच कवचातून हळूहळू परत वाढतो. मास्तरांना ते लगेच उमगलं. नेफ्यातून नाडी काढून घेतली तरी नेफा जागेवर असतो, पुन्हा नाडी ओवता येते. त्यांनी तसं म्हटल्यावर बाई हसल्या आणि म्हणाल्या, हो, असंच. दुखणं परत आलं तर पुन्हा गोठवू. तेव्हा, थंडी उतरायला लागली की येऊन सांगा. 'थंडी उतरणं' हा शब्द असा त्या खोलीतून घरात आला. सुई घालण्याआधी बाईंनी दुखऱ्या जागेची हद्द आखायला पेन घेतलं, तर बायको टोक टेकायच्या आधीच आक्रसली. मास्तरांनी खिशातून खडू काढला, कापडावर रेघ मारायचा चपटा, निळा. त्याची कड झिजवून झिजवून पापुद्र्यासारखी झाली होती. त्यांनी श्वास धरून, कातडीला लागेल न लागेल अशी रेघ ओढली. ती डोळे मिटून पडली होती. म्हणाली, "झालं? मला वाटलं अजून सुरू व्हायचंय." बाईंनी पेन टोपण लावून ठेवून दिलं.

घरी आल्यावर पहिल्या दिवशी ती सदरा घालून आरशापुढे उभी राहिली. साधा, दोन्ही बाजूंनी शिवलेला सदरा. तिने तो कुशीवर चेपून पाहिला, मग मुठीने ठोकून पाहिला. दात काढताना ओठ बधिर होतो ना, तसं झालंय म्हणाली, माझंच अंग, पण शेजाऱ्याचं वाटतंय. त्या रात्री तिने मास्तरांना पलंगाच्या जुन्या बाजूला झोपायला लावलं, त्यांचा हात धरला आणि आपल्या डाव्या बरगड्यांवर ठेवला. मास्तरांनी दचकून काढून घेतला. तिने परत ठेवला. म्हणाली, "मला काही कळत नाहीये, पण तुम्ही ठेवा." मास्तर बराच वेळ जागे होते. हाताखाली ऊब होती, श्वासाबरोबर बरगड्या वरखाली होत होत्या, सगळं त्यांना कळत होतं आणि तिला काहीच नाही, आणि तरी ती त्या हाताला टेकून झोपली होती.

बाईंनी सांगितलं होतं, अधूनमधून बधिर जागा तपासत जा, हद्द आत सरकायला लागली की समजा धागा वाढतोय. मास्तरांनी ते काम रविवारी लावून घेतलं. ती आंघोळ करून येऊन कुशीवर व्हायची, डोळे मिटायची. मास्तर दोऱ्याचं टोक कातडीला लावायचे. आहे? नाही. आहे? नाही. आहे? आहे. जिथे 'आहे' यायचं तिथे खडूचा ठिपका, आणि शेवटी ठिपके जोडून रेघ. आकार तयार व्हायचा तो बाहीच्या कापासारखा, एका बाजूला फुगीर, दुसरीकडे निमुळता. ती म्हणायची, "अहो, तुम्ही कपड्यांचे मास्तर की भूगोलाचे? समुद्र कुठे आलाय तेवढं सांगा." रेघ दुसऱ्या दिवशीच्या आंघोळीपुढे टिकायची नाही, पण मास्तरांना दर वेळची ध्यानात असायची. हद्द सरकत नव्हती. ती पुन्हा कामावर जायला लागली. आणि एका रविवारी, रेघ पूर्ण झाल्यावर, तिने कोट मागितला. अंगाला बसणारा, कमरेत घेतलेला, लग्नानंतर पहिल्या वर्षी शिवला होता तसा. मास्तरांनी बेतताना डाव्या कुशीला नकळत दोन बोटं सैल ठेवली. धागा पुढेमागे वाढणारच होता. कच्चा धावदोरा घालून कोट अंगावर चढवला तर ती आरशात बघून म्हणाली, हा कोट आहे की तंबू? तिने सैल कापड स्वतःच्या चिमटीत धरून दाखवलं, इथे घ्या, अजून घ्या. मास्तर म्हणाले, पुढे त्रास होईल. ती म्हणाली, पुढचं पुढे. मग त्यांनी घेतलं. चाळीस वर्षं लोकांची मापं घेताना ते विचारत आले होते, घट्ट हवं की मोकळं, आणि आपल्या माणसाला घट्ट शिवायचं म्हटल्यावर त्यांनी तीच टाचणी दोनदा लावली, दोनदा काढली.

आता हे सगळं त्यांना सुटं सुटं आठवायचं, दुकानात कातर चालवताना, रस्ता ओलांडताना, दूध तापवताना. पहिल्यापासून शेवटपर्यंत सरळ असं कधी आठवायचं नाही. बहुतेक वेळा ते त्या 'नाही'पाशी अडकायचे. आहे? नाही. शेवटच्या रविवारीही ती तसंच म्हणाली होती. आवाजात काही फरक होता का? ती डोळे मिटून हसत होती का, की तोंड फिरवून होती? खरंच कळत नव्हतं, की कळत असून नाही म्हणत होती? कारण पोत्यावर बसताना तिने तिथेच हात दाबला होता. एकदा त्यांनी आपल्याच बरगडीवर दोऱ्याचं टोक लावून पाहिलं. आहे. कुठेही लावलं तरी आहे.

मग धाकटी आली. धाकटी म्हणजे त्यांची मेहुणी. तिला सगळे धाकटीच म्हणत, स्वतःला नातवंडं झाली तरी. बहिणी बहिणी रोज फोनवर बोलायच्या, भाजी फोडणीला टाकून ती जळेपर्यंत. त्या दिवशी ती बहिणीचे कपडे आवरायला म्हणून आली आणि कपाटापुढे बसून राहिली. उसवलेले झगे तिने मांडीवर घेतले होते. मास्तरांनी चहा आणून ठेवला. तो निवला. तिने बरंच इकडचं तिकडचं सांगितलं, आणि मग मान वर न करता म्हणाली, भावजी, मला एक गोष्ट खाते आहे. ताई जायच्या आदल्या आठवड्यात फोनवर म्हणाली होती, थंडी उतरायला लागलीय बहुतेक. आत कळ येते. जिना चढले की येते, बसले की जाते. मी म्हटलं, भावजींना सांग, दाखवून ये. तर म्हणाली, इतक्यात नको. ते कोटाला बाही लावतायत, लागू दे. आत्ता सांगितलं तर पुन्हा सगळं उसवत बसतील, आणि पुन्हा पलंगाच्या त्या कडेला जाऊन झोपतील. तिने मला शपथ घातली. एवढं बोलून धाकटीने मांडीवरचे झगे बाजूला ठेवले. मग तिने पहिल्यांदा मास्तरांकडे नीट पाहिलं. "भावजी, ती थंडीच उतरत होती ना? दुसरं काही नव्हतं ना?" मास्तर म्हणाले, असेल. ती म्हणाली, असेल नको, तुम्ही त्या बाईंना विचारून मला सांगा. दुसरं काही असेल तर मी माझ्या तोंडाला कुलूप घालून ताईला मारलं. मास्तर म्हणाले, असं बोलू नये. पण ते विचारतो म्हणाले. तिच्याइतकंच त्यांनाही ते हवं होतं. थंडी उतरत होती असं बाई म्हणाल्या, तर सगळं जागेवर बसत होतं. नसेचं दुखणं होतं, ते खोटंच असतं, हृदय निराळं, ते न सांगता एकाएकी थांबलं. त्या हाताचाही हिशेब लागत होता.

थंडीवाल्या बाईंच्या खोलीत काही बदललं नव्हतं. लोकरी पिशवी टेबलावर होती. मास्तरांनी येतानाच ठरवलं होतं की उभ्या उभ्या विचारायचं, पण बाईंनी बसवलं. बातमी त्यांना कळली नव्हती. ऐकून त्यांनी पिशवीतून हात बाहेर काढले. मास्तरांनी सगळं सांगितलं, आत येणारी कळ, जिना, बसलं की थांबणं, खिडकीपाशी बरगड्यांवर दाबलेला हात, पोतं. सांगताना त्यांच्या लक्षात आलं की आपण एखादी बिघडलेली शिवण समजावून सांगावं तसं सांगतोय, कुठे ओढलं जातंय, कुठे नाही. बाईंनी शेवटची हद्द विचारली. मास्तरांनी टेबलावर बोटाने आकार काढून दाखवला. काखेपासून इतकं, पुढे इथवर, खाली एवढं. पहिल्यासारखीच? पहिल्यासारखीच. बाई त्या आकाराकडे बघत राहिल्या. टेबलावर काहीच उमटलं नव्हतं तरी बघत राहिल्या.

मग त्या बोलल्या, नेहमीसारख्याच हळू. धागा वाढायला लागला असता तर आधी कातडीला मुंग्या आल्या असत्या, हद्द आत आली असती. ती आली नव्हती. म्हणजे त्यांचं 'नाही' खरं होतं. आणि आपण गोठवली ती बरगडीची नस होती, तिच्यावर वरच्या कातडीचा कारभार. हृदयाच्या नसा निराळ्या, त्यांना आपण हात लावलेला नाही, तिथवर ही थंडी पोचत नाही. जिना चढल्यावर येणारी कळ नसेची नव्हती. मास्तरांनी विचारलं, म्हणजे तिला कळत होतं? बाई म्हणाल्या, हो. त्या दिवशीही? बाईंनी हात परत पिशवीत घातले. मास्तर म्हणाले, खरं सांगा, मी शिंपी माणूस आहे, खोटं माप मला चालत नाही. बाई म्हणाल्या, "हो. त्या दिवशीही दुखलं असणार." मग खिडकीकडे बघत त्या म्हणाल्या, "थंडी उतरेल तेव्हा दुखणं परत येईल, हे मी तुम्हाला सांगितलं होतं. त्या बाजूला दुसरंही काही दुखू शकतं, हे सांगायचं माझ्या मनात आलं नाही." मास्तर म्हणाले, ते कुणाच्या मनात येणार. बाहेर आल्यावर त्यांना वाटलं की आपण त्या बाईंचं सांत्वन करून आलो, आणि आपलं करायला रस्त्यावर कुणीच नाही.

ते चालत घरी आले. वाटेत सगळं नेहमीचंच होतं, भाजीवाला भिजवलेलं फडकं पाल्यावर झटकत होता, एक माणूस सायकलची साखळी बसवत होता. त्यांच्या डोक्यात तिची वाक्यं फिरत होती, जी त्यांनी कधी ऐकलीच नव्हती, धाकटीच्या तोंडून आलेली. बाही लागू दे. पलंगाच्या कडेला जाऊन झोपतील. म्हणजे जिना चढून वर आल्यावर ती दाराबाहेर थांबत असणार, कळ जाईपर्यंत. श्वास सारखा करून मग आत येत असणार. आणि आत मास्तर बाहीचा मुंढा बसवत, मान खाली घालून, आलीस का म्हणत असणार. ती आले म्हणत असणार. ज्या दुखण्याने महिनोन्‌महिने खोटं सांगितलं त्याच्यावर सगळ्यांनी विश्वास ठेवला होता, आणि हे दुसरं खरं बोलायला आलं तर त्याला त्या खोट्याचंच नाव मिळालं. तिला दुखणं परत यायची भीती नव्हती. ते तिने एकदा सोसलं होतं. तिला मास्तरांचा हात परत जायची भीती होती. आणि तो तिच्या बरगड्यांवर असताना तिला कळतसुद्धा नव्हता. मास्तर जिन्यात थांबले. वरच्या मजल्यावरून कुणीतरी खाली येत होतं, त्याला वाट द्यायला ते भिंतीला टेकले, आणि तो माणूस निघून गेल्यावरही टेकूनच राहिले.

संध्याकाळी धाकटीचा फोन आला. काय म्हणाल्या बाई? मास्तर म्हणाले, भेटल्या नाहीत, रजेवर आहेत. धाकटी म्हणाली, बरं, आल्या की लगेच विचारा, मला रात्रीची झोप नाही. मग तिने जेवलात का विचारलं आणि न जेवता जेवलो म्हणू नका असंही म्हणाली, अगदी बहिणीच्या सुरात, की मास्तरांना क्षणभर फोन ठेवता येईना. त्यानंतर तिचे आणखी फोन आले आणि बाई अजून रजेवरच आहेत. उसवलेले झगे धाकटी घेऊन गेली, पायपुसण्याला होतील म्हणाली. मास्तर दुकानात जातात, वकीलसाहेबांचा कोट त्यांनी पुरा करून दिला, गिऱ्हाईकाला घट्ट हवं की मोकळं विचारतात. पलंगावर ते जुन्याच बाजूला झोपतात. थंडीच उतरत होती, असं सांगितलं तर धाकटी झोपेल, हे त्यांना कळतं. तसं सांगायला एक वाक्य पुरेल. आणि खरं सांगायलाही एकच पुरेल. दोन्ही वाक्यं त्यांनी आरशापुढे बोलून पाहिली, गिऱ्हाईक नसताना, आणि दोन्ही वेळा आवाज बरोबर आला.

धाकटी या रविवारी येते आहे. तिला काय सांगायचं, ते अजून ठरलेलं नाही.